बांधावरची शाळा आणि खिशातला फोन



कर्जत तालुक्यातले नेरळ म्हणजे भाताचा मुलूख. तिथे पावसाळाभर चिखल तुडवायचा. आपल्याकडे मृगात एक बरा पाऊस झाला तरी देव पावला म्हणायचे. मग कपाशी-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात नेरळचे काय काम, असे कोणी विचारील. नेरळचे पीक आपल्याला नको आहे. तिथला शेतकरी ज्या रीतीने शिकला, ती रीत हवी आहे.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची नांगरणी, चिखलणी आणि लावणी, तिन्ही बंद केल्या. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. 'एसआरटी' या नावाने हे तंत्र पसरले. भाताचे संशोधन केंद्र कर्जतला आहेच. त्याने काढलेले 'कर्जत-३'सारखे वाण शेतकऱ्यांनी घेतले. वाण पिशवीतून घरी येते. नांगर सोडायची हिंमत मात्र पिशवीतून येत नाही. बापजाद्यांपासून चालत आलेले काम थांबवायचे म्हटले की घरातले चिडतात, गाव हसते. ती हिंमत शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून, मूठभर माती उकरून, त्यातले गांडूळ बघून आणि 'तणाचं काय केलंस?' असे तोंडावर विचारूनच येते.

पुढे खिशातला फोन कामाला आला. व्हॉट्सअॅपच्या गटावर वाफ्यांचे फोटो फिरू लागले. लिहायचा कंटाळा असलेला माणूस बोलून प्रश्न विचारू लागला, आणि मागच्या हंगामात त्याच अडचणीतून गेलेला दुसरा शेतकरी उत्तर देऊ लागला. विदर्भ-मराठवाड्यातले कपाशी आणि सोयाबीनवालेही या वाटेला लागले ते असेच, एकमेकांचे पाहून.

सरकारला हे कधी उमगले नाही असे नाही. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशाने 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. साहेबाने 'संपर्क शेतकरी' निवडायचा, त्याला सांगायचे, त्याने गावाला सांगायचे. म्हणजे वरून ओतायचे, खाली झिरपेल तेवढे झिरपेल. इंडोनेशियाने उलटे केले. तिथे भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला तेव्हा सरकारने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशके भातावर वापरायला बंदी घातली आणि १९८९ पासून शेतातच शाळा भरवल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, सारा हंगाम. किडी मोजायच्या, मित्रकीटक ओळखायचे, फवारायचे की नाही ते आपसात भांडून ठरवायचे. आपल्याकडची 'शेतीशाळा' तिथूनच आली. पण बऱ्याच गावांत ती फलक, फोटो आणि चहापुरती उरते.

आता दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. गटात असतो तो सात-बारावाला. पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरतो तो गडी गटात नसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, अंगात साधा सदरा. औषध कातडीतूनही आत जाते, हे त्या माणसांना कामाच्या जागी कोणी शिकवले होते? डब्यावरचा मजकूर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि सल्ला औषध विकणाऱ्याचा. आज तोच विक्रेता गटात येऊन बसला आहे. 'हे मारा, ते मारा' हा त्याचा संदेश, आणि आपण तो पुढे पाठवतो.

म्हणून गाव गट करील तर दोन गोष्टी पाळाव्यात. सल्ला देणाऱ्याने आपली जमीन हलकी की भारी, पाऊस किती झाला आणि स्वतः काय केले, हे सांगितल्याशिवाय बोलू नये. आणि बुडालेला प्रयोग आधी सांगावा. पाच गुंठ्यांवर नांगर सोडून पाहिला आणि तणाने ज्वारी खाल्ली, तर त्याचाही फोटो टाकावा. त्यानेच शेजारचे पाच एकर वाचतील. नेरळची पद्धत आहे तशी उचलून काळ्या कोरडवाहू रानात घालायला जाऊ नका. तिच्यात तणनाशक लागते, म्हणजे पुन्हा पंप आणि पुन्हा तोच गडी.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने फवारणी करणारा एक तरी माणूस सोबत आणावा. त्याची त्या दिवसाची मजुरी गावाने द्यावी. बैठकीत पहिल्यांदा त्याला बोलू द्यायचे आहे: औषध कसे कालवतो, वारा कुठल्या अंगाचा घेतो, संध्याकाळी डोके गरगरले तर कोणाला सांगतो.