मुंबई विरुद्ध महाराष्ट्र : एक बुडविलेला सामना

रणजी स्पर्धा कशीही भरवा, परंतु मुंबई आणि महाराष्ट्र या दोन क्रिकेट-संघांची गाठ दरसाल पडलीच पाहिजे, असे आम्ही म्हणू लागलो की दोन प्रकारचे गृहस्थ आमच्यावर तुटून पडतात. पहिल्यांचे म्हणणे असे की, 1 मे 1960 रोजी राज्य एक झाले, मग त्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ हवेत कशाला? तिघांचा एक करा, म्हणजे भांडणच मिटेल. दुसरे विचारतात, आयपीएल असता चार दिवसांचा सामना पाहतो कोण? या दोन्ही मतांत क्रिकेटविषयीचे अज्ञान आहेच. पण महाराष्ट्राविषयीची अनास्था त्याहून मोठी आहे.

एकीकरणवाद्यांस आम्ही इतकेच विचारतो की, संघ एक केला तर जागा किती उरतील? अकरा! त्यांतल्या नागपूर, नाशिक, कोल्हापूर यांच्या वाट्यास किती येतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला. यांच्या सूचनेप्रमाणे चालले असते तर ते विजयी वीर मुंबईच्या राखीव खेळाडूंत पाणी वाहत बसले असते. लोढा समितीचे ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मान्य केले, आणि 2018 साली त्याच न्यायालयाने या तिन्ही संघटनांची स्वतंत्र मते त्यांस परत दिली. न्यायालयास दोन वर्षांत उमगले ते आमच्या या मित्रांस अद्याप उमगत नाही.

या सामन्याचे मोल ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी थोडा इतिहास चाळावा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. त्यांतल्या दुसऱ्या वर्षी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, प्राध्यापकमजकुरांनी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. (आमच्या व्यवसायबंधूंनी याहून मोठा पराक्रम मैदानावर केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.) 1948-49 सालचा पुण्याचा उपांत्य सामना तर विक्रमच ठरला : मुंबईच्या 651 आणि 714, महाराष्ट्राच्या 407 आणि 604, एकूण 2376 धावा आणि नऊ शतके! महाराष्ट्र 354 धावांनी हरला; परंतु चौथ्या डावात सहाशेचा टप्पा ओलांडून हरण्यात जी ऐट आहे ती कित्येक विजयांतही नसते.

पुढे पश्चिम विभागाच्या साखळीमुळे ही गाठ दरवर्षी ठरलेली असे. 2002-03 पासून विभाग मोडून गट करण्यात आले आणि सामना गटवारीच्या मर्जीवर गेला. 2024-25 मध्ये दोघे एका गटात आले म्हणून भेटले. पुढच्याच हंगामात गट वेगळे पडले. जानेवारी 2014 मध्ये वानखेडेवर, खालच्या गटातून वर आलेल्या महाराष्ट्राने गतविजेत्या मुंबईस उपांत्यपूर्व फेरीत आठ गडी राखून धूळ चारली. केदार जाधव आणि विजय झोल यांची ती भागीदारी ज्यांनी पाहिली, ते तरी ‘पाहतो कोण’ असे पुन्हा विचारणार नाहीत.

आता प्रश्न खेळाडू कोणाचा हा. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. सांगलीच्या विजय हजारे यांनी 1939-40 मध्ये महाराष्ट्रातर्फे बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढल्या, आणि अल्पावधीतच ते त्याच बडोद्याकडून खेळू लागले! गुणी माणसाने पोटापाण्यासाठी गाव सोडू नये असे कोण म्हणेल? मुंबईचा वसीम जाफर विदर्भास गेला, त्याने तेथील पोरांस जिंकावयास शिकविले. हे चांगलेच झाले. परंतु वर्षातून एकदा तरी ज्या मातीत आपण चेंडूफळी शिकलो तिच्या वतीने उभे राहावे, ही अपेक्षा काय अवास्तव आहे?

ऑस्ट्रेलियात नेमके हेच घडले. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स ही प्रांतिक संघांची रग्बी लीगमधील लढत 1908 पासूनची. परंतु सिडनीचे श्रीमंत क्लब क्वीन्सलंडचे खेळाडू पैसे मोजून नेत, आणि तेच खेळाडू न्यू साउथ वेल्सकडून आपल्याच प्रांतास हरवीत. लढत निर्जीव झाली. 1980 साली पहिले दोन सामने न्यू साउथ वेल्सने जिंकल्यावर, तिसरा तेवढा नव्या नियमाने खेळविला : ज्याने मोठ्यांचे फुटबॉल प्रथम जेथे खेळले, त्याने त्या प्रांताकडून उतरावे. सिडनीकर पंडित हसले. 8 जुलै रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर आर्थर बीटसन प्रथमच क्वीन्सलंडतर्फे उतरला. तोवर तो न्यू साउथ वेल्सचाच गणला जाई. क्वीन्सलंडने 20-10 असा विजय मिळविला. 1982 पासून दरसाल तीन सामन्यांची ही मालिका तेथे चालू आहे, आणि तिने प्रांतद्वेष माजून ऑस्ट्रेलिया दुभंगल्याचे वर्तमान अद्याप आलेले नाही.

तोच नियम येथे लावावा. प्रौढ गटाचे क्रिकेट ज्याने ज्या संघटनेच्या हद्दीत प्रथम खेळले, त्याने या एका सामन्यात त्या संघटनेचे व्हावे, मग एरव्ही तो कोठेही खेळो. विदर्भाने तिसरा भिडू म्हणून यावे. त्याचा मान तेवढा निश्चित आहे. स्थळ म्हणाल तर नाशिक. ही आमच्या गावची ओढ आहे असे कोणी म्हटल्यास आम्ही ते नाकारणार नाही. तथापि नाशिक जिल्हा क्रिकेटात महाराष्ट्राचा, आणि नोकरीधंद्याने निम्मा मुंबईचा. दोन्ही बाजूंस प्रेक्षक मिळतील असे दुसरे शहर दाखवावे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र-बडोदा सामना झालाच होता. सत्यजित बच्छावसारखा फिरकी गोलंदाज याच गावाने महाराष्ट्रास दिला. त्यास मुंबईविरुद्ध घरच्या मैदानावर गोलंदाजी करताना पाहण्याचा हक्क येथील पोरांना आहे.

तारखांची अडचण पुढे करण्यात येईल, म्हणून तेही सांगून टाकतो. 2025 साली रणजीचा अंतिम सामना 2 मार्चला आटोपला आणि आयपीएल 22 मार्चला सुरू झाली. मधल्या वीस दिवसांत चार दिवस निघत नाहीत काय?