अंथरुणाला खिळलेला माणूस आणि ग्रामपंचायत

ग्रामपंचायतीच्या कारभाराचे मोजमाप आपल्याकडे रस्ता, गटार आणि दिवाबत्ती यांवरून होते. पक्षाघाताने लोळागोळा झालेला वृद्ध शेतमजूर आणि त्याची सेवा करण्यासाठी मजुरी बुडवून घरी बसणारी त्याची सून, ही दोन माणसे त्या हिशेबात कोठेच येत नाहीत. ते त्यांचे घरचे दुखणे ठरते. वस्तुतः त्या सुनेची बुडालेली मजुरी हा समाजाने टाळलेला खर्च होय, आणि तो गावातील सर्वांत गरीब बाईच्या माथी मारलेला असतो.

हा खर्च पंचायतीने उचलावा, ही कल्पना केरळात प्रत्यक्षात आली आहे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचे केंद्र काढले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात स्वयंसेवकांनी हे काम गावोगाव नेले आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण जाहीर केले. त्यानुसार पंचायतीच्या योजनेतून नेमलेली परिचारिका घरोघर जाते, पाठीला पडलेल्या जखमा धुते, लघवीची नळी बदलते, घरच्या माणसांना रुग्णाची कूस कशी बदलावी हे शिकवते. दिसायला हे काम लहान. पण परिचारिका आली नाही तर वॉर्डाच्या सदस्याला दारात उभे करून जाब विचारता येतो. धर्मादाय संस्थेला तो विचारता येत नाही.

हे केवळ सद्भावनेने घडलेले नाही. केरळात प्राथमिक आरोग्य केंद्रे आधीच पंचायतींकडे सोपविली गेली होती, आणि १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले. अधिकार, माणूस आणि पैसा ही तिन्ही एका ठिकाणी आली, म्हणून नेतृत्वाला काही अर्थ उरला.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या तेव्हा हे राज्य विकेंद्रीकरणात अग्रेसर गणले जाई. आज निराधाराचे अनुदान मंजूर होते ते तहसील कचेरीत, शासननियुक्त समितीपुढे. सरपंचाच्या हाती फार तर दाखला देणे राहते. अपंगांसाठी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी खर्च करण्याचे बंधन आहे खरे. परंतु समजा, एखाद्या पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी वर्षाकाठी चार लाख रुपये वसूल झाली, तर हा निधी वीस हजार होतो. त्यात परिचारिकेचा एका महिन्याचा पगारही धड निघत नाही. शिवाय २०२२ नंतर अनेक महापालिका व जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात जाब विचारायचा तो कोणाला?

केरळचा नुसता गौरव करून मात्र चालणार नाही. तेथील आशा कार्यकर्त्यांनी १० फेब्रुवारी २०२५ पासून तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर आठ महिन्यांहून अधिक काळ धरणे धरले. त्यांचे मासिक मानधन ७,००० रुपये होते, मागणी २१,००० ची होती, आणि सत्तेवर डाव्या आघाडीचे सरकार होते! शुश्रूषा हा बाईचा स्वभावधर्म आहे, असे मानून तिला वेतनाऐवजी मानधन देण्याची युक्ती दिल्लीची असली तरी ती सोयीस्कर वाटण्यात सर्व सरकारे सारखीच. सुनेची फुकट मजुरी आशाताईच्या अर्ध्या मजुरीवर ढकलणे याला सुधारणा म्हणता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेपूर्वी आपापल्या गावातील अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करावी. त्यांची सेवा कोण करते आणि त्यापायी किती दिवसांची मजुरी बुडते, हेही शेजारी लिहावे. ५ टक्के निधी कोणावर खर्च झाला, हा प्रश्न ती यादी हाती घेऊनच विचारता येईल. निधी अपुरा आहे, असे उत्तर येईल आणि ते बहुधा खरेच असेल. मग तोच कागद पंचायत समितीत आणि तेथून आमदाराच्या दारी न्यावा लागेल.