उन्मादरुग्णाची पुढची तारीख

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण प्रारंभीच मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचला, असे क्वचितच घडते. ‘झोपत नाही’, ‘एकटाच पुटपुटतो’, ‘जेवणात कोणी काही घातले म्हणतो’ अशा तक्रारी घेऊन घरची माणसे त्याला आधी गावच्या वैद्याकडे आणतात, अथवा देवऋष्याकडे नेतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार अशा तीव्र मनोविकारांचे सुमारे ७५ टक्के रुग्ण उपचारांविना होते.

ज्यांचे उपचार सुरू होतात त्यांचेही पुढे बहुधा एकच होते. चार-सहा महिन्यांत भास ओसरतात, ‘आता बरा झाला’ म्हणून गोळ्या बंद होतात आणि व्याधी उलटते. ही गळती थोपविण्यास फार खर्चिक यंत्रणा लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. औषधविक्रेत्यांच्या बिलाच्या संगणकात ती माहिती आधीच असते. एक तारखेस ३० दिवसांच्या गोळ्या नेणारा ग्राहक पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत फिरकला नाही, हे तो संगणक जाणतो. त्याला कोणी विचारीत नाही, इतकेच. रुग्णाची व कुटुंबाची संमती आधी घेऊन अशा दिवशी वैद्याने अथवा विक्रेत्याने एक दूरध्वनी करावा.

दूरध्वनी कोणाला, हेही महत्त्वाचे. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थात्याला स्थान दिले आहे. आपल्यावर कोणी पाळत ठेवते अशी शंका असलेल्या रुग्णाच्या हाती नोंदींचे ॲप देणे म्हणजे त्या शंकेला खतपाणी घालणे होय. भ्रमणध्वनी उपस्थात्याकडे असावा. त्याने आठवड्यातून एकदा झोप, बोलणे व स्नान-भोजन यांतील बदल कळवावा. उन्मादात शील, चेष्टा व आचार बिघडतात हे आपण पाठ केलेलेच आहे. ते बिघडू लागल्याची पहिली खूण घरातच दिसते.

चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने २०१० पासून पुदुक्कोट्टई जिल्ह्यात बस फिरवून पडद्यावरून तज्ज्ञांचा सल्ला दिला. पण औषधेही त्याच बसमधून दिली आणि स्थानिक कार्यकर्ते सोबत ठेवले. सातारा, गोवा व तमिळनाडूतील २८२ रुग्णांचा जो अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात तर प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जात होते. लाभ माफक होता, तरी खरा होता. यंत्राने माणसाची जागा घ्यावी असे या दोन्ही अनुभवांतून कोठेही निघत नाही.

आता एक कटू गोष्ट. ‘त्या गोळ्या गरम पडतात’ असे सांगून तज्ज्ञाचे औषध बंद करणारे वैद्य आपल्यात आहेत. घृत, ब्राह्मी अवश्य द्यावीत. मात्र आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाची यादी तज्ज्ञाकडे गेली पाहिजे, आणि तिचे छायाचित्र पाठविण्यास आज क्षणही लागत नाही. सर्पगंधेचे उदाहरण घ्या. उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु मनोविकाराच्या आधुनिक औषधांसोबत तीच दिली तर रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. अशा वेळी तज्ज्ञाला अंधारात ठेवणे अक्षम्य होय.

हे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकू नये, थेट त्या तज्ज्ञालाच पाठवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि लहान गावात नाव फुटले की घरातील मुलीचे लग्नही अडते.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक व आपल्या जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाची वेळ छापलेला एक फलक संघटनेने प्रत्येक सभासदाच्या चिकित्सालयात व दुकानात पोहोचवावा, अशी माझी सूचना आहे. छपाईचा खर्च जिल्हा शाखांना सहज पेलेल.