तबकडीचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबांच्या कपाटात जुन्या वह्यांच्या शेजारी आणखी एक ठेव जपलेली असते. ती म्हणजे लग्नाच्या, साखरपुड्याच्या, नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या चित्रफिती. आज हयात नसलेल्या अनेक वडीलधाऱ्यांचे चालणे-बोलणे केवळ त्यांतच उरलेले असते. चुंबकीय फीत काळाबरोबर क्षीण होते आणि ती दाखविणारे यंत्रही आता दुर्मीळ झाले आहे; जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. म्हणून घरोघरी फिती डीव्हीडीवर उतरविण्याचे काम निघते. ते स्टुडिओकडे सोपविताना 'पैसे किती' हे आवर्जून विचारले जाते. 'एका तबकडीवर किती तास' हे मात्र विचारायचे राहून जाते. चित्राचा दर्जा बराचसा याच उत्तरावर ठरतो.

हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला सहज समजेल असा आहे. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ गीगाबाइट असते. संगणक तीच ४.३७ दाखवितो, कारण तो १,००० ऐवजी १,०२४ च्या पटीत मोजतो. माल तोच, माप निराळे. एका बाइटचे आठ बिट धरले, तर हाती सुमारे ३,७६० कोटी बिट येतात. हे भांडवल. चित्र आणि ध्वनी दर सेकंदाला जितके बिट खर्च करतात, तो बिटरेट. भांडवल वाढत नाही. म्हणून वेळ वाढला की दर सेकंदाचा खर्च कमी करावाच लागतो.

दोन तासांचे सेकंद होतात ७,२००. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात. त्यातून मेनू व शिलकीसाठी शेकडा चार आणि ध्वनीसाठी ०.२ मेगाबिट वजा केल्यास चित्रासाठी ४.८ उरतात. हा दर समाधानकारक आहे. दीड तासाच्या कार्यक्रमाला साधारण ६.५ मिळतात, तीन तासांना मात्र ३.१, आणि चार तासांना जेमतेम २.३. उलटपक्षी, कार्यक्रम तासाभराचाच असला तरी हवा तितका दर ठेवता येत नाही. डीव्हीडीच्या नियमानुसार चित्राची कमाल मर्यादा ९.८ आणि सर्व मिळून १०.०८ मेगाबिट आहे. शिवाय घरी लिहिलेली तबकडी इतक्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळू शकतात. म्हणून कमाल दर ८ च्या आसपास ठेवणे शहाणपणाचे.

ध्वनीचा खर्चही तपासावा. पीसीएम या असंकुचित प्रकाराला १.५ मेगाबिट लागतात. दोन तासांत तबकडीचा जवळजवळ तीस टक्के भाग तोच व्यापतो. डॉल्बी डिजिटल २२४ किलोबिटवर ठेवल्यास मंगलाष्टके, सनई आणि भाषणे स्वच्छ ऐकू येतात आणि वाचलेले बिट चित्राच्या खात्यात जमा होतात.

यापुढचा निर्णय खर्चाच्या पद्धतीचा. डीव्हीडीवरील एमपेग-२ पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्णपणे साठविले जात नाही. एक पूर्ण चित्र घेऊन पुढे केवळ बदल नोंदविले जातात. काही चित्रांनंतर पुन्हा एक पूर्ण चित्र येते. वधूवर मंचावर स्थिर बसलेले असताना बदल थोडे, म्हणून खर्चही थोडा. वरातीत नाचणारी गर्दी, फटाके किंवा उधळलेल्या अक्षता आल्या की सगळेच हलू लागते आणि मागणी वाढते. स्थिर बिटरेट दोन्ही प्रसंगांना सारखेच देतो. बदलता बिटरेट शांत प्रसंगात वाचवून गर्दीच्या प्रसंगाला पुरवितो. त्यातही दोन फेऱ्यांची पद्धत उत्तम. पहिल्या फेरीत संगणक सारी फीत तपासून अंदाजपत्रक मांडतो, दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष खर्च करतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो; पण कार्यक्रम दोन तासांहून मोठा असेल, तर तो सत्कारणी लागतो. तासाभराच्या तबकडीला या खटाटोपाची गरज नाही. तेथे स्थिर ८ मेगाबिट पुरेसे आहेत.

मूळ फितीची योग्यताही पाहावी. व्हीएचएस फितीत आडव्या दिशेचा तपशील जेमतेम २४० रेषांइतका असतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? वाढीव बिटरेट नवा तपशील निर्माण करीत नाही. उलट फितीवरील मुंग्यांसारखी खरखर हीदेखील हालचाल समजून यंत्र तिच्यावर बिट उधळते. ती आधी सौम्यपणे कमी करून घ्यावी. कार्यक्रम तीन तासांचा असून एकाच तबकडीचा आग्रह असेल, तर ७२० बाय ५७६ ऐवजी नियमांत बसणारी ३५२ बाय ५७६ ही चौकट निवडावी. व्हीएचएसच्या बाबतीत फरक फारसा जाणवत नाही आणि चौकोनी ठिकऱ्या टळतात. भारतातील फिती पॅल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या असतात. त्या तशाच ठेवाव्यात.

तरीही अंथरूण पाहून पाय पसरावे हेच खरे. चार तास एका तबकडीत कोंबण्यापेक्षा विधी एका आणि स्वागतसमारंभ दुसऱ्या तबकडीवर घ्यावा. काम देण्यापूर्वी वरातीची पाच मिनिटे नमुना म्हणून करून घ्यावीत आणि घरच्या टीव्हीवर पाहावीत. चेहरे फुटत असतील, तर दर अपुरा आहे.

आणि तबकडी हाती आली म्हणून फीत टाकून देऊ नये. संकुचनात गळालेला तपशील पुन्हा मिळत नाही. डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे. स्टुडिओने फीत संगणकात उतरविताना बनविलेली मूळ फाइल मागून घ्यावी. डीव्ही स्वरूपात ती तासाला सुमारे १३ गीगाबाइट होते आणि हार्ड डिस्कवर सहज मावते. नक्कल मिळाली म्हणून मूळ खत कोणी फाडत नाही. आजोबांच्या आवाजाला तरी निराळा न्याय का लावावा?