शिफारसपत्र म्हणजे साक्ष

गेल्या पंधरवड्यांत आमच्या गांवचे एक बागाईतदार शाळेंत आले व म्हणाले, "मास्तर, पोराला बोर्डिंगांत फुकट जागा मिळण्याजोगी आहे. तुमच्या चार ओळी पाहिजेत. मुलगा अभ्यासू, घरची गरिबी, एवढेंच लिहा." गृहस्थ नात्यांतले. विहिरीला बारमाही पाणी, दहा एकर ऊस, आणि मुलगा वर्षांतून तीन महिने शाळेबाहेर. मीं हात जोडून सांगितलें, "दाजी, हें पत्र माझ्या हातून व्हायचें नाहीं." ते उठून गेले. दुसऱ्या दिवशीं पारावर बोलणें निघालें कीं, मास्तर जातीचा असून जातीच्या उपयोगी पडत नाहीं.

या बोलण्यास जाहीर उत्तर देणें जरूर आहे. कारण हा प्रश्न गांवोगांवच्या मास्तरांचा व आईबापांचा आहे.

वाचकहो, शिफारसपत्र ही मेहेरबानी नव्हे, ती साक्ष आहे. कोर्टांत शपथ घेऊन खोटें बोलणाऱ्यास आपण नांवें ठेवतों. मग कागदावर खोटें लिहिणारा मास्तर त्याहून बरा कसा?

हें पाप मीं एकदां केलेलें आहे, म्हणून सांगतों. नोकरीच्या पहिल्या वर्षांत भिडेखातर एका ऐपतदाराच्या मुलास 'गरीब व अभ्यासू' असें पत्र दिलें. तो दोन महिन्यांत बोर्डिंग सोडून घरीं आला. पुढल्या सालीं एका लोहाराच्या मुलासाठीं मीं पत्र लिहिलें. त्यांतला शब्द न् शब्द खरा होता. तेथील व्यवस्थापकांनीं तें वाचलें आणि म्हणाले, "मास्तर, गेल्या सालींही आपण असेंच लिहिलें होतें." जागा मिळाली नाहीं. तो मुलगा आज बापाच्या भात्यावर आहे. त्याच्याकडून विळा पाजवून घेतांना माझी मान वर होत नाहीं.

आपली जुनी तक्रार काय होती? १८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर कमिशनापुढें मांडलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. १९०१ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग काढलें, व १९०२ सालीं नोकऱ्यांतील निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांतील मुलें उपाशीं राहूं नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. ते दहा एकर उसाच्या धन्यासाठीं मोडले काय? दुसऱ्याच्या वशिल्याविरुद्ध पिढ्यान् पिढ्या भांडलों, आणि आतां आपल्याच घरांत वशिला पोसूं लागलों, तर आपलें भांडण न्यायासाठीं नव्हतें, ताटासाठीं होतें, असें कोणीही म्हणेल.

बोर्डिंगांतलीं ताटें मोजकीं असतात. एक ताट नको त्याच्यापुढें गेलें कीं कोणा कुणब्याचें, कुंभाराचें, मांगाचें पोर दारांतून परत फिरतें. त्या पोराचें नांव आपणांस ठाऊक नसतें, एवढ्यानें पाप हलकें होत नाहीं.

मास्तर बंधूंना एवढेंच सांगणें कीं, नाहीं म्हणायचें तर तोंडावर म्हणा. समोर हो म्हणून मागून मोघम पत्र देणें ही दोन्हीकडची फसवणूक होय. आणि नुसतें नाहीं म्हणूनही थांबूं नका. मीं त्या मुलास जवळ बसवून सांगितलें, "तुझें अक्षर वळणदार आहे, हिशेब चोख आहे. एवढें मी आज लिहून देतों. हजेरी भरून काढ, तर पुढें तेंही लिहीन. बोर्डिंगांत जायचें तर बापाला पैसे भरायला सांग."

आईबापांनो, मास्तराकडे पत्र मागण्याआधीं पोराला रोज शाळेंत धाडा. हजेरीपटासारखी दुसरी शिफारस नाहीं.

तो मुलगा सोमवारपासून शाळेंत येऊं लागला आहे. दाजी मात्र अजून माझा रामराम घेत नाहींत.

— एक खेड्यांतील शिक्षक