रणगाडा जपला, ट्रॅक्टर भंगारात

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली सुरू झालं. पहिल्या महायुद्धापासूनची पन्नासच्या आसपास चिलखती वाहनं तिथे रंगवून उभी आहेत. लोक पोराबाळांना घेऊन जातात, फोटो काढतात. चांगलंच आहे. पण ज्या यंत्रामुळे रणगाड्याची कल्पना सुचली, तो साखळीपट्ट्यावर चालणारा जुना ट्रॅक्टर कुठे बघायचा, असं मला रत्नागिरीत कुणी विचारलं तर मी त्याला भंगारवाल्याचा पत्ता देईन.

१९०४ साली कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टने मऊ जमिनीत चाकं रुततात म्हणून चाकांच्या जागी पट्टे लावले. १९१६ मध्ये त्याच चालीचा रणगाडा फ्रान्सच्या आघाडीवर उतरला. आपल्याकडे हे यंत्र आलं ते पोटासाठी. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती आणि मध्य भारतातली मोठी जमीन कांस गवताने गिळली होती. त्याची खोल मुळं बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. १९४९ साली भारताने जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं ते या जमिनी मोकळ्या करणाऱ्या यंत्रांसाठी. एवढी मोठी गोष्ट. शाळेच्या पुस्तकात ती कधी भेटली नाही.

आमच्या कोकणात खाचरं एवढीशी, की बैलजोडी वळली तरी पुरे. इथे हे यंत्र डोझर म्हणून आलं, पुढे पातं लावून. कातळावरचे रस्ते, आंब्याच्या बागा, पुढे १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, या सगळ्यासाठी अशा यंत्रांनी जमीन खरवडली. आमच्या नात्यातले एक चाचा असाच डोझर चालवायचे. त्याला स्टिअरिंग नसतं. डावा दांडा ओढला की डावा पट्टा सुटतो आणि यंत्र डावीकडे वळतं. जुन्या कॅटरपिलरचं डिझेल इंजिन सुरू करायला आधी पेट्रोलचं छोटं इंजिन सुरू करावं लागायचं. ते तापलं की मग मोठं जागं व्हायचं. चाचा म्हणायचे, "आधी पोराला उठवायचं, मग बापाला." हे काम वर्षानुवर्षं हाताने केलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत.

मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींचे क्लब आहेत. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी आणि चारचाकी. ज्याला धड चाकंच नाहीत त्याने काय करावं? नियमाला मी दोष देत नाही. पट्ट्याचं यंत्र डांबर उकरतं, त्याला लोबेड ट्रेलरवरच न्यावं लागतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. रॅलीत बक्षीस मिळतं ते मालकाला. ज्या उस्तादाने बंद गिअरबॉक्स उघडला, न मिळणारा भाग लेथवर घडवला, त्याचं नाव फलकावरही नसतं. आपल्या समाजातली किती पोरं अशा गॅरेजांत शागीर्द म्हणून उभी राहिली, हे वाचकांना सांगायला नको.

"पोटाला नाही आणि लोखंड कसलं जपता?" असं विचारणारे भेटतील. प्रश्न रास्त आहे. पट्ट्यांच्या पिना-बुश आणि रोलर यांवरच निम्मा पैसा जातो, आणि आमची खारी हवा नि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. पण अमेरिकेत कॅटरपिलर यंत्रांच्या शौकिनांचा वेगळा क्लब आहे, तिथे शेतकरी सुट्टीच्या दिवशी स्वतः पाने फिरवतात. इथे एका चिरेखाणवाल्याने जुनं धूड दिलं, दोन उस्ताद आणि आयटीआयची दहा मुलं बसली, तर एका उन्हाळ्यात निदान इंजिन तरी फिरेल. रंगाची घाई नको. गंजलेलं असलं तरी कातळावर चार हात माती ढकलून दाखवावं, आणि दांड्यांवर जुना ऑपरेटर बसलेला असावा. फलकावर वर त्याचं नाव, मग उस्तादाचं, जागा उरली तर मालकाचं.

चाचांचा डोझर किलोच्या भावाने गेला. काट्यावर चढवायला मात्र त्यांनाच बोलावलं होतं, कारण तो दुसऱ्या कुणाकडून सुरू होईना.