विश्लेषण : जेट इंजिनाचं पातं एकाच स्फटिकाचं का लागतं?

तेजस मार्क-१ए विमानांसाठी भारताने २०२१ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ इंजिनं मागवली. पहिलं इंजिन हाती आलं ते मार्च २०२५ मध्ये. बंद पडलेलं उत्पादन पुन्हा सुरू करायला वेळ लागला, असं कंपनीचं म्हणणं. पण असं इंजिन आपणच का बनवत नाही? उत्तराचा मोठा भाग टर्बाइनच्या छोट्याशा पात्यात आहे.

स्फटिक लहान-मोठे का होतात?

वितळलेला मिश्रधातू गोठताना त्यात स्फटिकांची बीजं तयार होतात आणि वाढत वाढत एकमेकांना भिडतात. झटपट थंड केलं तर बीजं भरपूर, म्हणून स्फटिक बारीक. सावकाश थंड केलं तर बीजं मोजकी, म्हणून स्फटिक मोठे. साखरेचा पाक आठवा : ढवळत पटकन निववला तर बारीक साखर, न हलवता बरेच दिवस ठेवला तर खडीसाखर.

बारीक चांगले की मोठे?

एरवी बारीकच. दोन स्फटिकांमधल्या सीमा धातूला सहज वाकू देत नाहीत. पण टर्बाइनमधल्या वायूचं तापमान पात्याच्या वितळणबिंदूच्याही वर जातं. आतून हवा खेळवून आणि वरून लेप देऊन पातं वाचवतात, तरी ते प्रचंड तापतं. तेव्हा याच सीमा कमकुवत ठरतात. पातं हळूहळू ताणलं जातं, सीमेवर तडे जातात. म्हणून सीमाच नको!

एकच स्फटिक कसा मिळतो?

निकेलच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून साचा भट्टीतून अगदी हळू खाली आणतात. रस तळापासून गोठू लागतो. वाटेतल्या मळसूत्री अरुंद नळीतून एकच स्फटिक वर पोचतो आणि त्याचंच पातं बनतं. तापमान जरा बिघडलं की भलतीकडे नवं बीज पडतं आणि पातं बाद होतं.

भारत कुठे आहे?

डीआरडीओच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेने अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एचएएलला दिल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. म्हणजे तंत्र अगदीच परकं नाही. पण १९८९ मध्ये मंजूर झालेलं कावेरी इंजिन अजून तेजसमध्ये बसलेलं नाही. पातं जमलं म्हणजे इंजिन जमलं असं नाही, पण पात्याशिवाय ते जमणारच नाही.

म्हणून पुढच्या इंजिन कराराची बातमी आली की किती इंजिनं मिळणार याआधी एक गोष्ट बघा : पाती कुठे ओतली जाणार?